आर्सेनिओ सरांच्या जागी

९ सप्टेंबर
पोचलो एकदाचा बट्टांबाँगला. राजधानीत, नॉम पेन्हमध्ये, चार वर्षांत सहा शाळांनी मला घालवून दिलं. कारण एकच, पदवी नाही. पोरं माझ्याकडून शिकून फाडफाड इंग्रजी बोलायला लागली, पण कागद म्हणजे कागद. इथल्या सोख्ना मॅडमनी तो मागितलाच नाही. नदीकाठची पिवळी शाळा, खाली वर्ग, वर माझी खोली. समुद्रापार घरी, सेबूला, आईला फोन केला. आमचा सांतोय पुन्हा मास्तर झाला, हे एव्हाना शेजारणींना कळलं असणार.

११ सप्टेंबर
कागद मागितला नाही, कारण त्यांच्याकडे होताच. आर्सेनिओ नावाच्या, आमच्याकडच्याच एका पदवीधर सरांचा. ते गेल्या वर्षी तापाने गेले, परवाना मात्र अजून चालतो. मॅडम म्हणाल्या, तुम्ही फिलिपिनो सगळे सारखेच दिसता, तपासनिसाला काय कळतंय. आजपासून तू आर्सेनिओ. वर हसल्याही. डोकं फिरलं, पण गरजवंताला अक्कल नसते. हो म्हणालो.

१७ सप्टेंबर
तपासनीस येऊन सही करून गेला. हजेरीत, फळ्यावर, सगळीकडे मी आर्सेनिओ. चान्थू म्हणून एक चुणचुणीत पोरगी आहे. तिला विचारलं, मी ते नव्हे हे ठाऊक आहे ना? म्हणाली, ठाऊक आहे की, ते सर मेले. आणि त्याच दमात, आर्सेनिओ सर, फळा पुसू का? पूस म्हणालो.

२० सप्टेंबर
काल प्चुम बेन लागलं, इथला पितृपक्ष. पंधरा दिवस मेलेली माणसं जेवायला येतात, शेवटच्या दिवशी त्यांना परत धाडायचं. मॅडमनी मलाही पागोड्यात नेलं. घरोघरच्या मेलेल्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या भिक्खू वाचत होते. पोरांनीही आपल्या सरांसाठी एक दिली होती. भिक्खूंनी वाचलं, आर्सेनिओ. आणि मी सवयीने म्हणालो, हजर.
शेजारच्या म्हातारीने आपली चटई लांब ओढली.

२१ सप्टेंबर
खानावळीतल्या नूडल्सना चव नाही. मिरची ओतली, तरी नाही. घशाखाली उतरेना. मॅडमना सांगितलं तर माझ्यावरच डाफरल्या, तुला ओ द्यायला सांगितलं होतं कुणी? नाव यांनीच चिकटवायचं आणि वर शहाणपणाही यांनीच शिकवायचा.

२४ सप्टेंबर
पोरांनी पायरीवर भाताचे गोळे ठेवले, आर्सेनिओ सरांसाठी. नको नको म्हणत एक चाखला. इतकं गोड कधी लागलं नव्हतं. सगळे खाल्ले. स्वतःचीच किळस आली.

२६ सप्टेंबर
दोनदा बसस्टँडवर गेलो. दोन्ही वेळा कंडक्टर माझ्या मागच्या माणसाशी बोलला. मी हात हलवत राहिलो.
भिक्खूंना गाठलं. म्हणाले, रक्ताच्या माणसाने तुला तुझ्या नावाने हाक मारली, तर सुटशील. शेवटच्या दिवसाच्या आत. नाहीतर बाकीच्या मेलेल्यांबरोबर जावं लागेल. आणि तो भात पुन्हा खाऊ नकोस, नाहीतर त्यांचाच होशील.
रविवारी आईचा फोन येतोच. सुटलो.

२९ सप्टेंबर
आला. मी हॅलो म्हणालो. ती घुटमळली, मग अदबीने म्हणाली, सर, जरा आमच्या सांतोयला बोलवता का? मी ओरडलो, आई, मीच सांतोय. ती रडायला लागली. म्हणाली, सर, अशी थट्टा करू नका, माझ्या पोराला काही झालंय का —
मग फोन लागेना. चाळीस वेळा —

२ ऑक्टोबर
पाच दिवस पोटात काही नाही. पायरीवरचा भात लाथेने उडवला. आईची हाक तर हुकली, पण न खाता उद्या संध्याकाळपर्यंत कळ काढली की —

३ ऑक्टोबर
दुपार. पोरं मेलेल्यांना परत धाडायच्या, केळीच्या खोडाच्या होड्या घेऊन घाटावर. एकीत भात, मासा, पिकलेली केळी. चान्थू किती मायेने हाक मारतेय, आर्सेनिओ सर, जेवून घ्या, मग निघा.
ओ दिली नाही. देणार नाही. मी —
वास वरपर्यंत येतोय. गरम आहे अजून.
जाणार नाही. नुसता खाली उतरून एक घास — ओ न देता — एकच —