बटण सोडले होते, तरी

मोहाडी, मंगळवार, संध्याकाळ

आज आमच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये माझ्यासोबत काम करणाऱ्या मारोतीचा पाय वाचला. देवाची कृपा, दुसरे काय म्हणू? फाटकाची लोखंडी पट्टी कापताना लाईट गेली. त्याने नव्या ग्राइंडरचे बटण सोडले, मशीन पायाशी ठेवली आणि तंबाखू मळत बसला. लाईट आली तशी मशीन आपोआप फिरू लागली. बटण आत अडकले होते. चाक त्याच्या अंगठ्यापासून वीतभर.

मी धावत जाऊन बोर्डातून पिन उपसली. मारोती हसला. "तू काहून भेऊन राहिला बे? पाय तं माझा हाय!"

जुनी मशीन कितीतरी वर्षे चालली. दर दसऱ्याला तिला हळदकुंकू वाहिले. म्हणून नवी घेतानाही नाव पाहून त्याच कंपनीची घेतली. दुकानदाराला फोन केला तर म्हणतो, "ते कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीनं घेतली ना भाऊ. पण नाव तेच हाय, रंगही तोच." मग आतले बटण कोणाचे? ते त्यालाही माहीत नाही.

नंतर बटण कितीदा दाबून पाहिले. दरवेळी नीट सुटले. याचीच जास्त भीती वाटते. मारोती उद्या तीच वापरणार, म्हणून त्याला न सांगता घरी घेऊन आलो. सकाळी दुकानदाराकडे परत नेईन. मारोती रागावला तर रागावो.

आत्ता लिहितानाच लाईट गेली. मशीन देवघराजवळ होती, तिची पिन मी मुठीत धरून बसलो. तरी लाईट आली तेव्हा दोन्ही पाय वर ओढून घेतले.