दावा नसल्यास स्क्रॅप

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ५.१०
ठरलं. लग्नाआधी परफेक्ट व्हायचं. उठण्याची वेळ पाच. दहा मिनिटं उशीर झाला, आईने अलार्म बंद केला असणार. ती म्हणते, कुलदीप, तूच केलास. बघू.
चाकणला कंपनीत मी हेच तर शिकवतो. जी वस्तू लागत नाही तिला लाल कागद, म्हणजे रेड टॅग, लावायचा. सात दिवसांत कुणी दावा केला नाही तर भंगारात. घरालाही हेच लागू का नाही?

६ नोव्हेंबर, गुरुवार
कंपनीतून टॅगचं बंडल आणलं. आईच्या फाटक्या सुपाला पहिला टॅग. आई म्हणाली, "आरं, तांदूळ काय तुझ्या टकुऱ्यावर पाखडू?" टॅगची घडी करून तिने डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारली. सुधारणेला विरोध घरातूनच होतो.
व्यायाम उद्यापासून.

९ नोव्हेंबर, रविवार
आकुर्डीला अपेक्षाकडे जेवायला. साखरपुड्यानंतर पहिल्यांदाच. बिल्डिंगच्या जिन्याखाली तिच्या वडिलांची, म्हणजे धोंडीबाकाकांची, जुनी स्कूटर आहे, टायर बसलेले. काका तिला रोज फडक्याने पुसतात. चालत नाही तर पुसायची कशाला? संशयास्पद. टॅग लावला. सगळे हसले, म्हणजे मान्य आहे.
अपेक्षा जरा मोठ्याने हसते. तशी सूचना दिली. नंतर ती हसलीच नाही. लवकर शिकते.

१७ नोव्हेंबर, सोमवार
मुदत संपली, कुणाचाही दावा नाही. काका आणि अपेक्षा काल नात्यातल्या लग्नाला गेलेले. तेवढ्यात मीच भंगारवाला नेऊन स्कूटर उचलून दिली. सरप्राइज! मोकळ्या जागेचा फोटो अपेक्षाला पाठवला. ब्लू टिक आली, उत्तर नाही. भारावली असेल.

१९ नोव्हेंबर, बुधवार
अजून फोन उचलत नाही. आणि आज कँटीनमध्ये मुबीनचा मोबाइल वाजला. मुबीन म्हणजे माझा शिफ्टमधला जिवलग. स्क्रीनवर "अपेक्षा वहिनी". तो उठून बाहेर गेला. विचारलं तर म्हणाला, "काही नाही भावा, टेम्पो पाहिजे होता त्यांना." माझ्या होणाऱ्या बायकोला टेम्पो कशाला? शिवाय कंपनीतल्या माझ्या टेबलावरच्या बंडलातून एक टॅग फाडलेला दिसतो. दोन्हीमागे मुबीनच. नजर ठेवणे.
उठलो सव्वासातला. टेन्शन.

२२ नोव्हेंबर, शनिवार
सगळं कळलं. मुबीनने मामाच्या टेम्पोतून स्कूटर भंगारातून परत आकुर्डीला नेली. अपेक्षाची आई होती तेव्हा ती आणि काका त्याच स्कूटरवरून फिरायचे म्हणे. मग हे त्या सात दिवसांत कुणी सांगायला नको?
संध्याकाळी मुबीन घरी आला. हातात अंगठीची डबी, डबीला रेड टॅग, टॅगवर अपेक्षाचं अक्षर. वस्तू: कुलदीप. कारण: जागा अडते. कृती: मालकाला परत.
मुबीनने तो आईला वाचून दाखवला. "आमाला इचारल्याबिगर परत कसा धाडला?" एवढं म्हणून तिने डोळ्याला पदर लावला. मोरीत जाऊन रडलो, नळ सोडून.
तरी नोंद हवी. तो टॅग मुबीननेच तिला दिला होता. त्याने कबूल केलं. म्हणजे माझा संशय बरोबर होता.

३० नोव्हेंबर, रविवार
मुदत काल संपली. फोन रात्रभर उशाशी होता. अपेक्षाचा दावा नाही.
आईने हाक मारली, "ऊठ, त्येवढं सूप काढून दे वरचं." दिलं. टेबलाशी बसून तिने पाखडलेले तांदूळ निवडत बसलो. टेबल आता अजिबात डुगडुगत नाही.