डावरेबुवांचा जिना

सोमवार, ८ एप्रिल

पोचलो! वसतिगृहात पलंग एकावर एक. बाईसाहेबांनी खालचा पटकावला. मी वर, त्रिशंकू. बायको वास्तुकलेचा इतिहास शिकवते, तिचे विद्यार्थी परदेशातल्या जुन्या इमारती बघायला आलेत, आणि मला वर्तमानपत्राने दौऱ्याचा वृत्तांत लिहायला धाडलंय. गळ्यात तसं ओळखपत्रही आहे. पण ते वाचतंय कोण? मुलांच्या लेखी मी मॅडमचे ‘हे’. तोंडावर काका. संस्कृतात पदवी घेतलेल्या माणसाने शेवटी षष्ठी विभक्तीत दिवस काढायचे!

बुधवार, १० एप्रिल

दोन दिवसांत इतके गोल जिने चढलोय की गुडघे आता स्वतंत्रपणे तक्रार करतात. प्रत्येक जिन्याखाली बाईसाहेबांचा एकच प्रश्न — ‘चढताना कुठे वळतो?’ मुलं एका सुरात — ‘उजवीकडे!’

‘लक्षात ठेवा. शुक्रवारी बघा गंमत.’

शुक्रवारी डावरेबुवा. हे नाव मुलांनी ठेवलेलं. एका जुन्या सभागृहाचा स्थपती. जिन्याच्या पायथ्याशी त्याने स्वतःची मूर्ती कोरलीय — हातोडा डाव्या हातात. आणि जिना चढताना डावीकडे वळतो! डावखुऱ्या माणसाने आपल्या हाताच्या सोयीने अख्खा जिना फिरवला, हा बाईसाहेबांचा शोध. बावीस वर्षं शिकवतेय, प्रत्यक्ष पाहिलेला मात्र नाही. आत फोटोला बंदी. तिच्या विभागात एकच जुनी स्लाइड, तिच्यावर सगळा संसार. पुस्तक छापायला गेलंय. सोमवारी इथल्या विद्यापीठात याच विषयावर भाषण. त्यानंतर मुदतीआधीच निवृत्ती. ‘सांगायचं ते सांगून झालं,’ म्हणते.

एका मुलीला सगळे शंकासुर म्हणतात. आज तिची शंका — ‘मॅडम, डावखुरी माणसं उजवीकडे वळणाऱ्या जिन्यावरून पडतात का हो?’

बायको स्वतः डावखुरी. म्हणाली, ‘मी अजून पडले नाही. काकांना विचार, ते उजवे असून पडतात.’

गुरुवार, ११ एप्रिल

उद्या डावरेबुवा! बाईसाहेबांनी ठेवणीतला रेशमी दुपट्टा काढलाय. माझ्यासाठी शेवटचा कधी काढला होता, आठवत नाही.

शुक्रवार, १२ एप्रिल

काय लिहू.

सभागृहात अंधुक उजेड. ती सगळ्यांच्या पुढे, माहेरी आल्यासारखी लगबगीने. ‘या, या, डावीकडे पहिली पायरी —’ आणि पुढे केलेला हात थेट भिंतीवर! मुलं खो-खो हसली. वाटलं, मॅडम मुद्दाम करतायत. जिना उजव्या अंगाला होता. चढताना उजवीकडे वळणारा, चारचौघा जिन्यांसारखा. पायथ्याशी बुवा उभे. हातोडा उजव्या हातात.

ती मूर्तीसमोर नुसती उभी राहिली. मग ‘स्केचेस काढा’ एवढंच म्हणून बाहेर गेली.

शंकासुराने वहीतून त्या स्लाइडची छापील प्रत काढली, उजेडाकडे धरून मागच्या बाजूने पाहिली. हुबेहूब! ‘काका, स्लाइड कुणीतरी उलटी बसवलीय. जिनाही फिरला, हातही फिरला.’

म्हणजे बावीस वर्षं दोन साक्षीदार एकमेकांना दुजोरा देत होते — आणि दोघंही एकाच आरशातले! न्यायशास्त्रात आम्ही घोकलं होतं, प्रत्यक्ष हे पहिलं प्रमाण. पहिलं म्हणजे आधी बघायचं, हे कुणी नीट सांगितलं नाही.

ती बाहेर बाकावर बसलेली. मी सवयीने विनोद केला. ‘बुवा उजवे निघाले, एवढंच ना?’

‘गप्प बस रे जरा.’

बसलो. डावा तळहात पुढे करून म्हणाली, ‘शाळेत या डाव्या हातावर किती पट्ट्या खाल्ल्यात मी. मला तो डावखुराच हवा होता. म्हणून दुसरा फोटो कधी शोधलाच नाही.’

मी म्हटलं, भाषणाचा विषय बदल. तुझे लेख मराठीत, इथे कोण वाचतंय!

‘ही पोरं वाचतात. पेपरात डावखुरा लिहून पास झालीयत.’

मी पिशवीतून पाण्याची बाटली काढून पुढे केली.

शनिवार, १३ एप्रिल

छापखान्याला फोन तिनेच केला. पुस्तक थांबवा. मग मला म्हणाली, ‘तुझ्या वृत्तांतात येऊ दे हे. तळाशी नको, वरती.’ दिवसभरात एवढंच बोलली. निवृत्ती आता तिला पळून गेल्यासारखी वाटणार. ती भीती मला जास्त.

सोमवार, १५ एप्रिल

भाषण झालं. पुढच्या रांगेत यजमान प्राध्यापक, मागे आपली मुलं. तिने नेहमीची स्लाइड लावली, नेहमीसारखी खुलवून सांगितली. पाच मिनिटं बुवा डावखुरे! मग चित्र उलटं केलं आणि म्हणाली, ‘हे खरं आहे. आधीचं सगळं माझी चूक होती, आणि मला ती आवडत होती.’

मागून एकजण — ‘मॅडम, मग आमचे मार्क?’ हशा!

तेवढ्यात शंकासुर उभी. ‘हातोडा उजव्या हातात. मग डाव्या हातात काय आहे?’

बायको स्लाइडकडे बघत राहिली. तो हात सावलीत गेलेला.

‘माहीत नाही,’ म्हणाली. ‘हातोड्यावरून माझी नजरच कधी हलली नाही.’

आणि हे म्हणताना चक्क हसली! लोकांच्या बायकांना पुरस्कार मिळताना मी बातमीसाठी पुष्कळदा टिपणं घेतलीयत. आज एकही शब्द टिपला नाही. नुसता ताठ बसलो होतो. शेजारच्या अनोळखी माणसाला सांगून टाकलं — ती माझी बायको. त्याने विचारलं नव्हतं.

मंगळवार, १६ एप्रिल

खरेदीचा दिवस मुलांनी आपणहून सोडला! सगळे पुन्हा सभागृहात. बुवांची डावी मूठ मिटलेली. तिच्यातून काहीतरी बाहेर येत होतं, ते झिजून गेलंय. दोरी? फूल? दुसऱ्या कुणाचा हात? यजमान विभागप्रमुख तिच्या शेजारी जमिनीवर बसले, कोट मळवून. म्हणाले, ‘आम्हीही कधी नीट पाहिलं नाही.’

सभागृह बंद व्हायच्या वेळेपर्यंत दोघं त्या मुठीवरून भांडत होती. दुपट्टा धुळीने माखला. किती दिवसांनी एवढ्या तावातावाने बोलली!

गुरुवार, १८ एप्रिल

विमानात बसलो. मुलं माझ्या ताब्यात, म्हणजे मी त्यांच्या. निवृत्तीचा अर्ज तिने काल मागे घेतला. शेजारची जागा रिकामी. सेविकेने विचारलं, ‘इथे कोणी आहे का?’

म्हटलं, ‘बायको होती. शिकायला राहिलीय.’