बुडबुडे बंद, तरी अल्कोहोल हजर

प्रिय ताई,

पायांवर डोकं (इतक्या लांबून जमेल तेवढं). तुझी रात्रपाळी संपली का? आईची कंबर काय म्हणतेय? माझी तब्येत बरी आहे, फक्त कुणावर विश्वास उरलेला नाही.

तू ज्याला लग्नासाठी होकार द्यायचं म्हणतेस, त्या माझ्या शेजारच्या टेबलवाल्याबद्दल लिहितोय. (प्रयोगशाळेत सगळे त्याला मांजर म्हणतात, मागे कधी येऊन उभा राहतो, कळत नाही.) माझं काम तुला ठाऊक आहे. कार्बनचा काळा कागद क्षाराच्या पाण्यात बुडवायचा, त्याला वीज द्यायची आणि खालून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडायचे. त्या वायूचं अल्कोहोल झालं, की जाळायला इंधन मिळालं. माझा कागद सगळ्यांपेक्षा जास्त अल्कोहोल देत होता, सर खूश होते. तेवढ्यात मांजर म्हणालं, एकदा वायू बंद करून बघ ना. बघितलं, तर अल्कोहोल तेवढंच! आता हे आलं कुठून? आणि नेमकं त्यालाच कसं सुचलं? माझी नोकरी जावी म्हणून तोच गुपचूप ओतत असणार. मी झाकणाला चिकटपट्टी लावली, जेवायलाही टेबलावरून उठेनासा झालो (डब्यातलंही आधी हुंगून खातो), तरी अल्कोहोल हजर. शेवटी सरांच्या कानावर घातलं. असल्या माणसाला होकार देऊ नकोस.

तुझा धाकटा

ता. क. वरचं सगळं खोडणार होतो, पण एवढं परत कोण लिहिणार? तू नर्स झाल्यापासून 'हात लावण्याआधी स्पिरिटने पुसून घे' हे माझ्या हाडीमासी खिळलंय. तो काळा कागदही मी रोज पुसत होतो. कागद स्पिरिट (म्हणजे अल्कोहोलच) पितो आणि पाण्यात सोडतो. म्हणजे माझं इंधन बाटलीतलंच निघालं.

ता. क. २. सर माझ्यावर उखडले, तेव्हा मांजर मध्ये पडलं. 'स्पिरिटने पुसायला मीच त्याला सांगितलं होतं' असं धडधडीत खोटं बोलून त्याने माझी नोकरी वाचवली. मला फार लाज वाटली. तेव्हा होकार कळवून टाक, आणि मी त्याच्यावर आळ घेतला होता हे त्याला कळू देऊ नकोस. फक्त एक. इतकं सराईत खोटं बोलणारा माणूस तुला 'मला उत्तम स्वयंपाक येतो' म्हणाला होता ना? एकदा त्याची आई घरात नसताना करायला लावून बघ.