भिंगरी आता कुठे असतो

ताई,

मी तुझा मधला भाऊ, वाणिज्य पदवीधर, कागद कारखान्याचा मुख्य लेखापाल. तुझा निषेध नोंदवण्यासाठी हे लिहीत आहे. पाठवणार मात्र नाही. तू हेही पुढच्या कादंबरीत घालशील.

आपला धाकटा आठव्या वर्षी तापाने गेला. त्याच्या खोड्यांवरून तू मुलांसाठी 'भिंगरी' हा नायक उभा केलास आणि पुस्तकात त्याला जगवलेस. तेवढे मी सोसले. परंतु काल वाचनालयात एका मुलाने विचारले, "भिंगरी आता कुठे असतो?" तेव्हा तू बेधडक माझ्याकडे बोट दाखवलेस. "तो काय! टक्कल पडलंय बिचाऱ्याला."

पोरे खिदळली. मला पुढे ओढून म्हणाली, "काका, ती दोन बोटांची शिट्टी वाजवा ना!" ती शिट्टी धाकट्याची. मला ती कधीच जमली नाही, हे तुला पक्के ठाऊक आहे. तरी तू टाळ्या पिटत राहिलीस आणि केवळ तुझी लाज राखण्यासाठी मी तोंडात बोटे घालून नुसती हवा फुंकली.

दोन वेण्यांची एक मुलगी म्हणाली, "हे भिंगरी नाहीत. खरा कुठाय?"

तू सह्या देण्याकडे वळलीस. मी तिला सांगितले, "तो माझा धाकटा भाऊ होता, बाळ. तो लहानपणीच वारला." आपल्या घरात हे वाक्य आजवर कोणी मोठ्याने उच्चारलेले नाही. ती रडली. तिच्या आईने मला दुष्ट म्हटले.

यापुढे जे मूल विचारेल, त्याला मी हेच सांगेन.

तुझा मधला भाऊ
राहत्या घरी, रविवार, ९ जून