नटवाला जॅकच लाव

ठमे,

तुझ्या सिंथेसायझरच्या पॅनेलला, वायरची पिन घालायच्या भोकांसाठी, नटाने आवळायचा नटवाला जॅकच लाव. तिन्ही जातींच्या जॅकमध्ये मी शंभर-शंभर वेळा पिन घालून पाहिली. नुसते बोर्डावर सोल्डर केलेले दोन्ही डुगडुगायला लागले. नटवाला मात्र माझा धसमुसळेपणा सोसूनही पॅनेलला घट्ट धरून बसलाय. दोन जॅकमध्ये बोटभर जागा सोड.

महिनाभर मी तुझ्याशी भांडलो, की जॅक भिकार म्हणून पिन भोकात जात नाही. काल तिन्ही जॅकमध्ये घालताना ती सारखीच चुकली. नाचता येईना, अंगण वाकडं! तू म्हणत होतीस तेच खरं, माझा हात थरथरतो. तोच दाखवायला आईला सोबत घेऊन डॉक्टरांकडे गेलोय.

आल्यावर जोडायला बसू. सोल्डर तू करायचं, चुका मी काढायच्या. तोंड अजून थरथरत नाही.

– बाबा