रॅक की फ्लोअर?

झूटरमेर, मंगळवार, फेब्रुवारी २०२१

तीन आठवडे झाले, गिटारचे हवे तसे आवाज काढून देणारा कुठला अ‍ॅम्प मॉडेलर घ्यायचा ते ठरत नाही. फ्लोअरवाला जमिनीवर ठेवून पायाने दाबायचा, रॅकवाला मांडणीत बसवायचा. आज व्हिडिओ कॉलवर आईला फ्लोअरवाल्याचा फोटो दाखवला, तर म्हणे, "अरे, वाद्याला पाय लावणार?" झालं! म्हणजे आता रॅकवाला. पण वाजवताना आवाज बदलायला त्यालाही वेगळं पेडल लागतं, आणि तेही पायानेच! पाय, पाय, पाय. डोकं उठलंय नुसतं. या लॉकडाऊनमध्ये दुसरं काही सुचतच नाही की काय मला?

शेवटी मेघनाला विचारलं. ऑफिसची मीटिंग म्यूट करून बायको म्हणाली, "पायाचं नंतर बघ. वर्षभरात गिटारला हात तरी लावलायस का?"